साहेबआजाचा तुकडा

दादा, साहेबआजाचा तुकडा यंदा पेरला गेला. आधी हेच सांगतो, कारण हे दाबून ठेवून दुसरं काही सांगायला लागलो असतो तर तुम्ही ऐकून घेतलं नसतं. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता तुमचा हा पोरगा मोठा आहे, तरी पहिलं वाक्य दोनदा खोडून लिहिलं. नातीच्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. सातवीनंतर मी असं सलग कधी लिहिलं नाही. डाळ मिलमध्ये सही करायचो, लेकीच्या लग्नात पत्रिकांवर नावं घातली, तेवढंच. चुका होतील. तुम्हालाही लिहिणं माझ्याइतकंच येत होतं, म्हणून त्या चुकांची मला फिकीर नाही. तुकड्याची आहे.

झालं असं. उन्हाळा संपता संपता माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. लेक लातूरला असते, तिच्याकडंच राहिलो. डॉक्टरनं धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी डोळ्याला हिरवं कापड लावून खोलीतून हललोच नाही. रोज मुलाला फोन करायचो. पाऊस झाला का, घरचं बी उगवून पाहिलं का, ओल किती खोल गेली. तो म्हणायचा, "अण्णा, तुम्ही डोळा सांभाळा, म्या रान सांभाळतो." मी सगळं विचारलं, तुकड्याचं विचारलं नाही. ते विचारायची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नव्हतं. श्वास घेतला का, असं कोणी रोज विचारतं का?

बैलं आपल्याकडं आता नाहीत, पेरणी ट्रॅक्टरनं होते. दरसाली मुलगा ट्रॅक्टरच्या पुढं चालतो आणि तुकडा आला की हात वर करतो, मग ट्रॅक्टर त्याला वळसा घालतो. यंदा ढग भरून आलेले, वापसा झालेला, आणि ऐन वेळी खताची एक गोणी कमी पडली. तो गोणी आणायला इस्लापूरला गेला. ट्रॅक्टरवाला नवा, हदगावकडचा. त्याला रानाच्या मधोमध चार दगड आणि गुडघाभर गवत दिसलं. बिचाऱ्यानं दगड उचलून बांधावरच्या दगडांत टाकले, गवतावरून वखराची पाळी घालून ते मोडलं आणि सरळ पेरून काढलं. मुलगा परत आला तर सगळं रान एकसारखं काळं. ट्रॅक्टरवाला वर त्यालाच म्हणतो, "मालक, मधली पडीक बी काढून दिली बगा. त्याचं काई घेत न्हाई तुमच्याकून."

मुलानं हे मला फोनवर सांगितलं नाही. मी परत आलो, डोळ्यावर काळा चष्मा लावून बांधावर उभा राहिलो, तर हिरवंगार सोयाबीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नव्या डोळ्यानं इतकं लख्ख दिसत होतं की मला वाटलं मीच कुठंतरी चुकीच्या रानात आलो. मुलगा मागं उभा होता. म्हणाला, "अण्णा, बोला काई तरी." तुम्ही असता तर बोलला असतात.

त्यातच पाहुणीची खबर आली. ती कशी आली ते सांगतो. लातूरला मिलमध्ये कामाला जाताना तुम्ही मला आजाचा पाना दिला होता, आठवतं का? स्टँडवर, एसटी सुटताना, धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेला. म्हणालात, "पगार घरी नाही धाडला तरी चालंल, हे परत आण." त्या पान्याच्या दांड्यावर इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. मला तो पाना उभ्या जन्मात नटबोल्ट फिरवायच्या कामाचा वाटला, अक्षरं कधी वाचली नाहीत. नात नांदेडला कॉलेजात शिकते. तिनं ती अक्षरं वाचली, एका माणसाचं नाव आणि त्याचं गाव, पान्याचा फोटो काढला आणि मोबाईलवर जगाला दाखवला. आजाच्या मुलखातून एका बाईचा निरोप आला. "ते नाव आणि ते गाव माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं आहे, तो यंत्रं जोडायला हिंदुस्थानात गेला आणि त्याची पत्रं थांबली." नातीनं मला वाचून दाखवलं तेव्हा मी खाटेवर बसलेलो होतो, उठून उभा राहिलो. नात म्हणाली, "आबा, ती यायचं म्हणून राहिली. तिला आजाची जागा बघायची."

जागा! अख्ख्या पृथ्वीवर आमच्याकडं दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती आम्ही गोणीभर खतासाठी हरवली.

दादा, त्या बाईला मी आजाची गोष्ट सांगितली. ती तुम्ही सांगितली होती तशीच सांगितली की मध्ये माझं काही घुसलं, ही फिकीर अजून जात नाही. म्हणून इथं पुन्हा लिहितो. नांदेडला रेल्वे नवी आली त्या काळात कापसातली सरकी काढायच्या जीनची यंत्रं खोक्यांत भरून विलायतेहून आली, आणि ती जोडायला दोन फिटर आले. त्यातला धाकटा तो आपला आजा, तुमचा बाप. विलायत म्हणजे इंग्लंड नाही, हे तुम्ही दरवेळी सांगायचात. स्काटलंड. वरच्या अंगाला, डोंगर, मेंढ्या आणि थंडी. इंग्रज म्हटलं की त्याला राग यायचा. यंत्रं जोडून झाली आणि निघायच्या वेळी त्याला हिवतापानं धरलं. जोडीदार निघून गेला. जीनवर कापूस निवडायला येणाऱ्या एका बाईनं पेज पाजून पाजून त्याला उठवलं. ती आपली आजी. बरा झाला पण गेला नाही. लोक म्हणायचे, साहेब पेजेला फसला. इकडं आजीच्या भावाची जंगलालगत जमीन होती, नुसता दगड आणि पळसाची झुडपं. भाऊ चेष्टेनं म्हणाला, "सायब, हे साफ केलं तं अर्धं तुमचं." साहेबाला चेष्टा कळली नाही. त्यानं साफ केलं. झुडपं खणून काढली, दगड वेचून बांध घातले, विहीर पाडली, आणि भावाला गावासमोर शब्द पाळावा लागला.

तुम्ही सांगायचात, तो धोतर नेसायचा पण डोक्यावरची टोपी कधी सोडली नाही. मराठी आजीकडून शिकला आणि शिव्या जीनच्या हमालांकडून, त्यामुळं एकाच वाक्यात दोन्ही यायचं. मरताना त्याची मागणी एवढीच, जाळू नका, आणि पाय उगवतीकडं करा. तुम्ही तेव्हा तरणे होतात. स्वतः खड्डा खणलात. चार कोपऱ्यांना चार काळे दगड ठेवलेत, आणि त्यानं साफ केलेल्या सगळ्या रानातला तेवढाच तुकडा तुम्ही पुन्हा गवताला देऊन टाकलात. खाटेपेक्षा थोडा मोठा. तिथं कधी फण लागला नाही.

मी लहान आहे. पेरणी चाललीय, आई बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून, तुम्ही तिफणीवर, मी बैलांच्या पुढं. तुकडा जवळ आला की बैल आपोआप बाजूला व्हायचे, तुम्ही तिफण उचलून धरायचात आणि वळसा घालून पलीकडं पुन्हा टेकवायचात. एकदा आभाळ उतरून आलं होतं आणि मला घाई झाली. मी कासरा ओढून बैलांना सरळ न्यायला बघितलं. बैल अडले. मी शेपटी पिरगाळली. तुम्ही तिफण खाली ठेवली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तुम्ही पुढं येऊन बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघताच बैलाला म्हणालात, "तुला कळतंय रे बाबा. याला आणखी कळंना." त्यापेक्षा थोबाडीत चाललं असतं.

त्याच दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दुसरं बोलणं खाल्लं होतं. पेरणीच्या दिवशी आपल्या घरी ज्वारीच्या कण्या, मिठाच्या, आणि त्या उभ्यानं खायच्या. अख्ख्या गावात आपलं एकच घर असं. लोक म्हणायचे, सायबाचे घोडे दावणीला लागले. मी आईच्या पाठीमागं लपून कण्यांत गुळाचा खडा टाकला आणि भिंतीला टेकून बसलो. तुम्ही वाटी बघितली. "उठ. बसून खाल्लं की बी जमिनीत बसून राहतंय." मी म्हटलं, "गूळ खाल्ला की?" तुम्ही वाटी पुन्हा बघितली. मग म्हणालात, "आजा गूळ घालत नव्हता." आई चुलीकडं तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलत होते.

शाळेत पोरं मला घाऱ्या म्हणायची. तुमचे डोळे मला आले होते, आणि तुम्हाला आजाचे. "ए घाऱ्या, तुमची राणी कशी हाय?" मी रडत घरी यायचो. तुम्ही म्हणालात, "त्यांला सांग, बरी हाय, तुमचीच इचारपूस करून राहिली." मी सांगितलं. पोरं हसली आणि थांबली. तुमच्याकडं प्रत्येक गोष्टीला असं काही असायचं. माझ्याकडं कधीच नसतं. मला ते रात्री अंथरुणात सुचतं.

आणि हदगावची जीन. हंगामात तुम्ही तिथं इंजिनावर, मी हाताखाली. सगळीकडं कापसाचे तंतू उडताहेत, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. तुम्ही पान्याचं एक टोक बेरिंगला लावता, दुसरं कानाला, आणि डोळे मिटता. मग पाना माझ्या कानाला. "ऐक. काय म्हणतंय?" मला नुसती घरघर ऐकू यायची आणि मी घाबरून विचारायचो, दादा, तापलं तर? पट्टा तुटला तर? आग लागली तर? तुम्ही म्हणायचात, "फिकिरीनं बेरिंग थंड होत नसतंय, तेल घाल." लातूरच्या मिलमध्ये सारी हयात मी हे वाक्य स्वतःला म्हणत तेल घातलं. फिकीर गेली नाही, पण माझ्या पाळीला एकही बेरिंग जळालं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

तर पाहुणी यायची ठरल्यापासून मी रोज रानात. सोयाबीन मांडीला लागेल एवढं झालेलं. तुम्ही खूण सांगितली होती, विहिरीच्या कठड्यावर उभं राहून चिंचेकडं बघायचं. चिंच विजेच्या तारांपायी कधीच तोडली. तुकडा डोळ्यांसमोर होता तेव्हा खुणेची गरज पडली नाही. मी पिकात शिरून काठी टोचत फिरायचो, इथं जमीन कडक लागते का, तिथं लागते का. सून बांधावरून ओरडायची, "मामंजी, फुलं झडून राहिली!" नातीला म्हटलं, तुझ्या मोबाईलमध्ये रानाचा फोटो असेल. तिनं सगळे काढून दाखवले. सगळ्यांत तीच. रान नुसतं कानामागून दिसायचं.

पुढं पीक पिवळं पडायला लागलं. मुलाला कापणीची घाई, कारण मजूर मिळत नाहीत. पण रानाच्या मध्ये एक ठिकाण हिरवंच राहिलं होतं. पानं गळेनात, शेंगा वाळेनात. तो कुरकुरायचा, "त्या ठिगळापायी कापणी लांबून राहिली. पाणी साचलं आसंल." मीही म्हणालो, हो, पाणीच असेल, चर काढायला पाहिजे होता. मलाही त्या ठिगळाचा रागच आला होता.

पाहुणी यायच्या आदल्या दिवशी मुलगा माझ्याजवळ बसला. म्हणाला, "अण्णा, एक सांगू? बांधापाशी चार दगडं मांडून ठेवतो. ती इतक्या लांबून येऊन राहिली, तिला रिकामं कसं धाडायचं? तिला काय कळतंय, हित का तित." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला तिची आणि माझीही दया आली होती. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो म्हणाला, "मांडून ठेवतो. तुम्ही मान हलवली तं दाखवू, न्हाई तं दगडं दगडंच हायत."

ती नांदेडहून गाडीनं आली. तिच्याबरोबर नात, दुभाषी म्हणून, सकाळपासून अंगात वारं शिरल्यासारखी. गाडीचं दार उघडलं आणि एक उंच, वाळकी म्हातारी उतरली. माझ्याच वयाची. पायात मळके बूट, पांढरे केस वाऱ्यानं उडालेले. नात म्हणाली, त्यांच्याकडं मेंढ्या आहेत, नवरा वारल्यापासून सगळं तीच बघते. मी नमस्कार केला. तिनंही हात जोडले आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं.

दादा, तुमचे डोळे. तोच रंग, पाण्यावर शेवाळ असावं तसा, आणि उजव्या डोळ्याची पापणी थोडी खाली. एका परक्या म्हातारीच्या तोंडावर तुमचे डोळे होते आणि ते माझ्याकडं बघत होते. मी चष्मा काढून डोळा पुसत बसलो. सून हळूच म्हणाली, "मामंजी, डॉक्टरनं डोळा चोळू नका म्हणलंय."

सुनेनं पुरीभाजी केली होती, पण नातीनं हट्ट धरला होता की आजाच्या कण्याही कर. सून म्हणत होती, "अगं, पाव्हण्यांला काय कण्या देतेत का? गरिबाचं खाणं ते." तरी केल्या, वाफाळत्या, मिठाच्या. सुनेनं नवीन खुर्ची पुसून ठेवली होती, तीवर ती बाई बसली. वाटी हातात घेतली, वास घेतला. मग वाटी घेऊन ती खुर्चीवरून उठली आणि उभी राहून खायला लागली.

सून दारात, हातात पुरीचं ताट. मुलगा माझ्याकडं बघतोय. मग नातीनं धीर करून विचारलं, का उठलात? बाईला आधी प्रश्नच कळला नाही. ती स्वतःकडं खाली बघून हसली. नातीनं सांगितलं, "आबा, ती म्हणती त्यांच्या घरी बी दुसऱ्या धान्याच्या अशाच मिठाच्या कण्या असतेत, अन् त्या उभ्यानंच खातेत. तिचा बाप बसू देत नव्हता. कामून ते तिला ठाऊक न्हाई." मी विचारलं, "आणि गूळ?" नातीनं ते तिला विचारलं. बाईनं नाही म्हणून मान हलवली, आणि डोळे बारीक करून असं काही बोलली की नात हसत सुटली. "म्हणती, गोड घालणारं माणूस त्यांच्याकडं वाया गेलेलं समजतेत."

मग आम्ही सगळे उठलो आणि उभ्यानं कण्या खाल्ल्या. पेरणीचा दिवस नसताना, पहिल्यांदाच.

रानाकडं निघालो तेव्हा मुलगा पुढं. बांधाजवळ त्यानं मांडलेले चार दगड दिसत होते. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. मान हलवणं केवढंसं काम असतं. पण ती बाई माझ्या शेजारी चालत होती, हात पाठीमागं बांधून, पिकाकडं तिरकं बघत. तुम्ही दुसऱ्याचं रान बघताना असंच चालायचात. मी थांबलो. नातीला म्हटलं, "तिला सांग, जागा हरवली. यंदाच हरवली. ट्रॅक्टरखाली गेली. कुठं होती ते मला सांगता येत नाही." मुलानं दगडांकडं पाठ केली आणि खाली बघत उभा राहिला.

नातीनं सांगितलं. बाई ऐकत होती. मला वाटलं, आता ती गाडीकडं जाईल. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि काही बोलली. नात सांगता सांगता अडखळली. "आबा, ती म्हणती, त्यांनी तं सगळा माणूसच हरवला होता. तुम्ही नुसती जागाच हरवली."

मग तिनं विचारलं, किती दिवस पड होती ती जागा? मी म्हटलं, माझ्या जन्माच्या आधीपासून, फण माहीत नाही त्या मातीला. ती मेंढ्यांची बाई, तिनं मान वर करून उंच जागा शोधायला सुरुवात केली. विहिरीचा कठडा दिसला आणि ती चढायला लागली. सून किंचाळली, "अवं, धरा त्यांला!" मुलगा धावला. मी तिच्यामागं चढलो. मुलगा म्हणाला, अण्णा तुम्ही नका, पण चढलो. दोन म्हातारी माणसं विहिरीच्या कठड्यावर, मुलानं दोघांचे हात धरलेले.

तिनं बोट केलं. ते ठिगळ. खालून ते नुसतं हिरवं दिसायचं, आकार नव्हता. वरून आकार होता. सगळं रान पिवळं, वाळकं, आणि मध्ये काळपट हिरवा, खाटेपेक्षा थोडा मोठा तुकडा, चारी बाजूंनी जवळजवळ सरळ. इतकी वर्षं गवत कुजून कुजून तिथली माती अशी झाली होती की बाकीचं पीक म्हातारं झालं तरी तिथलं अजून वाढत होतं. लांबी मावळतीकडून उगवतीकडं.

"पाय उगवतीला," मी म्हणालो. मुलाचा हात माझ्या हातात घट्ट झाला. तो म्हणाला, "अण्णा, म्या याला रोज शिव्या दिल्या."

आम्ही पिकातून तिथवर गेलो. हिरवं सोयाबीन कमरेला लागत होतं. बाईनं हात पानांवरून फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. रडली नाही. नातीला काहीतरी सांगितलं. "म्हणती, तो नेहमी सगळ्यांत उशिरा उठायचा, असं तिच्या आजोबांनी सांगितलं होतं." आम्ही हसलो. मुलानं बांधावरून चार काळे दगड आणले. तेच होते की दुसरे, कोण जाणे. मी म्हटलं, ठेव. कापणीच्या वेळी तेवढं सोडून सगळं कापलं. त्या तुकड्यातल्या शेंगा शेवटी पाखरांनी खाल्ल्या, आणि पुढच्या साली तिथं गवतच येऊ द्यायचं ठरलं आहे. मुलानं मोबाईलमध्ये जागेची खूण करून ठेवली. मी त्याला म्हटलं, तरी पेरताना तू पुढं चाल. पाना मी तिला देऊ केला होता. तिनं दोन्ही हातांत धरला, अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि परत माझ्या हातात दिला.

जाताना गाडीत बसायच्या आधी तिनं एक विचारलं. तुम्ही त्या तुकड्यापाशी जाऊन बसता का? मी म्हटलं, जातो, पेरणीच्या दिवशी, रिवाज आहे. नातीनं ते तिला सांगितलं. बाईनं तुमच्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

दादा, ते खरं नव्हतं. हे तिला सांगता आलं नाही, मुलालाही सांगितलेलं नाही, आणि हा कागद मी कोणाला वाचायला देणार नाही. मी गावी असलो की दर आठ-पंधरा दिवसांनी तिथं जाऊन बसतो. आजासाठी नाही. आजाला मी बघितलं कुठं? तुम्हाला आम्ही नांदेडच्या घाटावर गोदावरीत सोडलं, राख क्षणात पुढं गेली, आणि मला तुमच्याशी बोलायला कुठं जागाच राहिली नाही. मग मी तुमच्या बापाची जागा वापरली. यंदा तो तुकडा हरवला तेव्हा मला आजाची फिकीर नव्हती. आता कुठं बसून सांगू, ही होती.

आणि कण्यांत मी अजून गूळ घालतो. उभ्यानंच खातो, पण घालतो.